टाळू भरायचा मान

केस मपले, कापले मपल्या मर्जीनं, आन् पोट दुखलं साऱ्या गावाचं. कावून दुखलं ते सांगते, पण मधी बोलायचं न्हाई. मधी बोललेलं मला खपत न्हाई.

मी कडूबाई. माझ्या आधीची भावंडं जगली न्हाईत म्हणून आईनं मपलं नाव कडू ठेवलं, म्हणजे यमाला बी तोंडात घालू वाटू नये. यमाचं काय ते त्याला ठाऊक, पण माणसांना मी कधी गोड लागले न्हाई. आमचं गाव लिंबागणेशाच्या अलीकडं, फाट्यावरून आत. दसरा झाला की गाव रिकामं, सगळे ऊसतोडीला. मी आन् आमचे हे, त्रिंबक, लग्न झाल्यापासून जोडीनं जातो. ह्यांनी ऊस तोडायचा, मी मोळी बांधायची, ह्यांनी ती उचलून मपल्या डोक्यावर द्यायची आन् मी फळीवरून चढून ट्रकात टाकायची.

आता केसांचं. लग्नाच्या वक्ताला मपली वेणी गुडघ्याला लागायची. बघायला आले तवा ह्यांची थोरली बहीण सुंदरबाई, आमी तिला अक्का म्हणतो, ती उठली, मपल्या मागं आली आन् वेणीला धरून असा हिसका दिला की मपलं डोकंच मागं गेलं. गंगावन तर न्हाई ना लावलं, ते बघत व्हती. केस खरे हायत म्हणल्यावर सगळ्यांसमोर म्हणली, "पोरगी काळी हाय, पण केस बघून घ्या." तिथंच सुपारी फुटली. म्हणजे पसंत झाले ते केस. बाकीची मी त्यांच्या मागं मागं सासरी गेले.

पुढं त्या केसांचं काय झालं ते मात्र कुणाला खबर न्हवती. डोक्यावर मोळी, मोळीखाली जुन्या लुगड्याची चुंबळ. ती चुंबळ दर खेपेला एकाच जागी बसायची, टाळूवर. घासून घासून तिथले केस आधी विरळ झाले, मग गेलेच. वर्षाराणी, मपली लेक, चौथीत व्हती तवा पुरीएवढी जागा उघडी पडली व्हती. पुढं ती भाकरीएवढी झाली. मग मी मागचे लांब केस वर ओढायचे, टाळूवरून फिरवायचे, त्याचा बुचडा बांधायचा आन् बुचड्याला आकड्यानं पदर अडकवायचा. लोक म्हणायचे, काय मर्यादेची बाई हाय, डोक्यावरचा पदर ढळू देत न्हाई. ढळू कसा देणार, बाबा! मपला एक हात कायम त्या पदराला. वारा सुटला की जीव मुठीत.

मला वाटायचं हे मपल्या एकटीलाच झालंय. मोळ्या तर टोळीतल्या सगळ्याच वाहायच्या, मग केस मपलेच कावून गेले? आमच्या टोळीत सावित्रीबाई म्हणून थोरली बाई हाय, तिला एकदा दुसऱ्याच कुणाचं नाव सांगून इचारलं. तर म्हणली, "कुण्या सवाष्णीचा तळतळाट असंल तिला." झालं, मपल्या जिवाला घोर लागला. नारायणगडाला जाऊन अंगारा आणला, टाळूला चोळला. माक्याचं तेल लावलं. कांद्याचा रस लावला तर हे म्हणले, कोपीत आज कसली भाजी केलीस. आता काय सांगता? कोपी म्हणजे पाचटाचं एवढंसं खोपटं, त्यात आमी दोघं. ह्यांना दिसलं न्हाई का दिसून बोलले न्हाईत, ते मी कधी इचारलं न्हाई.

तर लग्न. वर्षाराणी बारावी झाली, बीडला एका पार्लरात कामाला लागली, तिथंच शिकली. आता नवऱ्या सजवती. तिच्यासाठी पोरगा बघितला तो परमेश्वर. बीडात बसस्टँडाजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय, आईबाप अजून ऊसतोडीला जातात. सोयरीक अक्कानं आणली. अक्काचं सासर मोठं. तिचे मालक मोहनराव पुढारी माणूस, इलेक्शनच्या वक्ताला त्यांच्या दारात गाड्यांची रांग. अशी बाई सोयरीक आणती म्हणल्यावर लग्नात शब्द तिचाच चालणार.

आमच्या घरात एक रीत हाय. हळदीच्या दिवशी सवाष्णी उखळात हळकुंडं कुटतात, ती हळद तेलात कालवतात, आन् नवरीच्या अंगाला लागायच्या आधी ती तिच्या टाळूला लागती. टाळू भरणं म्हणतात त्याला. ती भरायची आईनं. तान्हेपणी आईनंच तेलानं टाळू भरलेली असती ना, तशी सासरी जाताना आणखी एकदा. बाप न्हाई, मावळण म्हणजे आत्या बी न्हाई, आई. आन् मी तर अशी आई, की पोरीला सासूपाशी टाकून दर साली उसाला गेलेली. तिचा पहिला दात पडला तवा मी न्हवते. ती शहाणी झाली तवा मी उसाच्या फडात व्हते, फोनवर कळलं. पण टाळू भरायला मी असणार, हे मी मनात धरून बसले व्हते. ते कुणी काढून घेतलं असतं तर मी त्याचा जीव घेतला असता.

हळदीच्या आदल्या दिवशी वर्षा मला बांगड्या भरायला बीडला घेऊन गेली. बांगड्या झाल्यावर म्हणली, चल, मपलं काम दाखवते. पार्लर त्या दिवशी बंद व्हतं, मालकिणीनं हिला चावी दिलती. मला त्या फिरत्या खुर्चीवर बसवलं.

"बस आई, केस धुऊन देते. जगाच्या आयांचे केस धुते, तुझे कधी न्हाई धुतले."

"मपले घरून धुतलेले हायत."

"आगं बस ना!" म्हणली, आन् हसत हसत मागून आकडा काढला.

पदर खाली आला. बुचडा सुटला. समोर हा एवढा आरसा, वरून दिवे लावलेले. मी डोळे मिटून घेतले.

"आई, हे कवाचं?"

"लई दिवसाचं. दे तो आकडा इकडं."

"पण कशानं?"

मला लाज वाटली की राग येतो, तशी सवयच हाय मला. म्हणलं, "कशानं म्हणजे? ऊस काय आपल्या पायानं ट्रकात चढतो का?"

तिनं त्या जागेवर हात ठेवला. उघड्या टाळूवर कुणाचा तरी हात, किती सालांनी. वर्षा रडायला लागली. म्हणलं, "रडू नको, डोळे सुजतील, उद्या फोटो हायत." तर आणखीच हुंदके द्यायला लागली.

बराच येळ गेल्यावर तिनं नाक पुसलं आन् एकदम कामाची बाई झाली. केस इकडून उचलून बघ, तिकडून उचलून बघ. म्हणली, "तू मागचे केस वर ओढून बांधती ना, त्या ओढीनं कडेचे बी चाललेत. लांब केस जड असतात, डोक्याला चिकटून बसतात, टाळू जास्तच दिसती. मानेपर्यंत कापले तर हलके होतील, वरचे फुगतील, थोडे पुढं घेतले की ती जागा झाकून जाईल. आन् तुझ्या तोंडाला लई शोभंल, आई." मग स्वतःच म्हणली, "पण आता नको. उद्या मावळण येणार. लग्न होऊ दे, मग बघू."

ती म्हणत व्हती ते खरं व्हतं. आमच्यात बाईनं केस कापले म्हणजे एक तर नवस फेडला, न्हाई तर नवरा गेला. जित्या नवऱ्याच्या बाईनं केसाला कात्री लावली की ती कात्री नवऱ्याच्या आयुष्याला लागती म्हणतात. अक्का तर ह्यात लई कडक. तिच्या सासरी एका लग्नात अशीच एक केस कापलेली सून हळदीला बसली, तर अक्कानं तिला भर मांडवातून उठवलं. मी तिथंच व्हते. ती सून दिवसभर चुलीपुढं बसून डोळे पुसत व्हती, आन् धूर लागला म्हणून सांगत व्हती.

म्हणजे कापले तर टाळू भरायचा मान जायचा. न कापले तर? तर मी उद्या बुचडा बांधणार, पदर अडकवणार आन् हात पदरावर ठेवून मांडवात बसणार. टाळू भरायला दोन हात लागतात. एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातानं भरायची. मपला एक हात तर मपल्याच डोक्यात गुंतलेला. आजवर सगळ्या लग्नांत मी तशीच मिरवले. मपल्याच लेकीच्या हळदीत बी चोरावानी डोकं धरून बसू? कुणाची चोरी केली मी?

"काप," मी म्हणलं.

"आई, इचार कर."

"केला. काप म्हणते ना!"

तिनं केसांची वेणी घातली, वर दोरा बांधला आन् कात्री चालवली. करकर आवाज आला. मग वेणी मपल्या हातात दिली. मान एकदम हलकी झाली, डोक्यावरची मोळी उतरल्यावर होती तशी. त्याच्यापुढं वर्षा किती तरी येळ कातरत व्हती. इथून थोडं, तिथून थोडं, पाणी मार, वारा मार. शेवटी म्हणली, "बघ आता."

बघितलं. आरशात एक बाई बसलेली. मान दिसत व्हती तिची. कानातले दिसत व्हते. टाळूवर केस असे भरून आलेले की मलाच शोधावं लागलं, उघडी जागा कुठं गेली. मी चांगली दिसत व्हते. सांगायला लाजायचं कावून? लई चांगली दिसत व्हते! मी डोकं इकडं हलवलं, तिकडं हलवलं, आन् हसायलाच लागले. वर्षा बी हसायला लागली. दोघी येड्यावानी हसत व्हतो त्या बंद दुकानात.

वेणी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आन् एस्टीनं गावाकडं निघालो. फाट्यावर उतरल्यावर सवयीनं पदर डोक्यावर घेतला, तर तो राहीना. बुचडाच न्हाई, अडकायचा कशाला? परत घेतला, परत घसरला. म्हणलं, मर मेल्या, आन् खांद्यावर टाकला. दुकानापुढं मुंजाजी बसलेला. त्याला सगळ्या गावाची पंचाईत. लांबूनच ओरडला, "काय कडूबाई, नवस फेडला का काय?"

"व्हय मुंजाजी, तुला अक्कल येऊ दे म्हणून बोलले व्हते. मी फेडून बसले, अक्कल अजून आली न्हाई बघ."

त्याच्याजवळचे लोक असे हसले की तो दुकानात जाऊन काय तरी शोधायला लागला.

घरी हे मांडवाच्या मेढीला दोर बांधत व्हते. मला बघितलं आन् हातातला दोर तसाच राहिला.

"हे काय केलंस?"

"दिसत न्हाई का?"

"दिसतंय." मग म्हणले, "अक्काला काय सांगायचं?"

मपल्या अंगाचा तिळपापड झाला. "बायकोनं केस कापले आन् तुमाला पहिली अक्का आठवली? कशी दिसते ते तर सांगा!"

हे दोराला गाठ मारत बसले. गाठीला गाठ, गाठीला गाठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव भरला. उखळ मांडलं, दोन मुसळं एकत्र बांधून त्याला आंब्याची पानं लावली. वर्षा पिवळं लुगडं नेसून पाटावर बसली. मपल्या टोळीतल्या बाया आल्या, मपली चुलत जाऊ मनिषा आली, सावित्रीबाई आली. मला बघून एकमेकींना कोपरानं ढोसत व्हत्या, पण तोंडावर कुणी बोलली न्हाई. मपलं तोंड ठाऊक हाय त्यांना. तेवढ्यात मुलाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्या. पुढं विहीणबाई, परमेश्वरची आई, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. त्या सतरंजीवर टेकतात न टेकतात तोच दारात गाडी वाजली. अक्का आली.

अक्का उतरली, मांडवात आली, सगळ्यांकडं बघत बघत मपल्यावर येऊन थांबली.

"हे काय गं, कडू?"

"केस कापले, अक्का."

"कुणाला इचारून?"

"ज्या डोक्यावर व्हते त्याला इचारून."

कुणी तरी फिसकन हसलं. अक्का हसली न्हाई. ती ओरडत बी न्हाई कधी, हळू बोलती, आन् ते जास्त झोंबतं. म्हणली, "मपला भाऊ जिता हाय ना?"

"ते काय मेढीला टेकून उभे हायत. हात लावून बघा."

"जिता हाय म्हणूनच सांगते. त्याच्या आयुष्याला कात्री लावणारीचा हात मी हळदीला लागू देणार न्हाई. टाळू मनिषा भरंल. तू आत जाऊन पाहुण्यांच्या चहाचं बघ."

मला त्या चुलीपुढच्या सुनेचं तोंड आठवलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत म्हणले, "आजच्या दिवस ऐक ना. सोयऱ्यांसमोर कशाला..."

वर्षा पाटावरून उठायला लागली. "आई भरणार नसंल तर मी बसतच न्हाई."

"तू खाली बस," मी म्हणलं. "पाटावरून उठायचं न्हाई. हे मपलं हाय, मी बघते."

आत गेले. बायांना वाटलं असंल, गेली चहाला. मी खुंटीवरची पिशवी काढली, कागद सोडला आन् वेणी घेऊन बाहेर आले. हळदीच्या ताटाशेजारी रिकामा पाट व्हता, त्याच्यावर ठेवली. लांबलचक वेणी, पाटाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत व्हती.

"अक्का, मान केसांचा असंल तर हे घ्या केस. तुमीच हिसका देऊन पसंत केलते. तेच हायत, खरे हायत, पाहिजे तर आणखी ओढून बघा. आन् सांगा त्यांना टाळू भरायला. बघू भरतात का! वर्षाला पोटात मी वाढवलं का ह्या केसांनी? मी मरमर मोळ्या वाहिल्या, लेकरू घरी टाकून वाहिल्या, तवा कुणी म्हणलं न्हाई कडू, तुझं डोकं दुखतं का. आन् आज ह्या डोक्याचा तुमाला इटाळ?"

मपला आवाज फाटला. रडले न्हाई मी, सांगून ठेवते. नुसता आवाज फाटला.

अक्का म्हणली, "नाटकं नको करू. मनिषा, ये पुढं."

मनिषा आमच्या घरात सगळ्यात गरीब गाय. कुणी बस म्हणलं की बसती, ऊठ म्हणलं की उठती. ती उठली. तेलाची वाटी हातात घेतली. मला वाटलं, गेलं आता. सगळं गेलं. मी दातावर दात दाबून उभी राहिले, आन् मनिषा वर्षापाशी गेली, खाली वाकली, आन् वाटी परत जमिनीवर ठेवली.

"अक्का, मला बी चालत न्हाई," ती म्हणली.

"तुला काय झालं?"

मनिषानं हात मागं नेला, आकडा काढला आन् पदर खाली सोडला. मग डोकं वाकवलं, सगळ्यांना दिसंल असं. टाळूवर भाकरीएवढी जागा, चकचकीत. कडेनं केस ओढून वर फिरवलेले. अगदी मपल्यावानी.

"वहिनीनं निदान कापले तरी," मनिषा म्हणली. "मपले तर नुसते गेले. मग मपल्या नवऱ्याच्या आयुष्याचं काय झालं, अक्का? ते बी सांगा मला."

मी मनिषाकडं बघतच राहिले. तिची आन् मपली कोपी दर साली भिंतीला भिंत. एका चुलीवर भाकरी केली आमी, एका टाकीवर नाहलो. आन् दोघींनी आपापलं डोकं धरून ठेवलेलं. तेवढ्यात मागून सावित्रीबाई ओरडली, "आगं माय माय! तुला बी? मला वाटलं तळतळाट मपल्या एकटीलाच लागलाय!" आन् त्या म्हातारीनं भर मांडवात पदर काढून फेकला. तिच्या डोक्यावर तर काय राहिलंच न्हवतं. मग आमच्या टोळीतल्या एकीनं काढला, तिच्या शेजारचीनं काढला. मला असा राग आला, असा राग आला, आन् कुणावर काढावा ते कळंना. किती सालं, बया, किती सालं आमी एकमेकींपासून लपवत बसलो! अंगारे चोळत बसलो!

अक्का गोंधळली. ती कधी फडात गेली न्हाई, तिला हे कुठून माहीत? ती भावाकडं वळली. "त्रिंबक, तू बोल. गप कावून उभा हायस?"

हे मेढीपासून सुटले आन् मधी आले. मान खालीच. म्हणले, "अक्का, मोळी मीच द्यायचो तिच्या डोक्यावर. दर खेपेला मीच दिली. मला दिसत व्हतं."

"दिसत व्हतं?" मी म्हणलं. "आन् बोलला न्हाईत?"

"काय बोलू? दुसऱ्या दिवशी परत द्यायचीच व्हती."

ह्याच्यावर मला लई बोलायचं व्हतं. ते मी पुढं बोलले बी, त्यांना इचारा. पण तवा त्यांनी मान वर केली आन् अक्काला म्हणले, "टाळू तीच भरंल. मला काय व्हायचं ते होऊ दे." लग्न झाल्यापासून अक्कापुढं त्यांचं एवढं लांब बोलणं पहिलंच.

अक्कानं भावाचा दंड धरला. "मला एकच सख्खा भाऊ हाय गं, कडू," ती म्हणली. तवा मला कळलं, ही बाई नुसती तोरा मिरवत न्हवती, खरंच भ्याली व्हती. पण तिच्या भ्यापायी मी मपल्या लेकीची टाळू सोडू का? म्हणलं, "त्यांना काय झालं तर मला येऊन हाणा. आता सरका." ती सरकली. पाटावरची वेणी जमिनीला लागत व्हती, ती तिनं उचलली, गुंडाळली आन् खुर्चीवर बसून मांडीवर घेतली.

मग हळद कुटली आमी. मनिषा, सावित्रीबाई, टोळीतल्या दोघी आन् मी. पाचही जणींचे पदर खांद्यावर. मुसळ असं आपटलं की उखळ हालायला लागलं. हळद तेलात कालवली. डाव्या हातात वाटी घेतली, उजवा हात बुडवला आन् वर्षाच्या डोक्याला लावला. दोन्ही हात मोकळे. पोरीचे केस असे दाट की बोटं शिरंनात. त्यांच्याखाली टाळू, गरम, तान्हेपणी व्हती तशीच. तेल जिरवत राहिले. वर्षानं डोळे मिटले व्हते, आन् तिच्या गालावरून पाणी चाललेलं. मी बी तवा रडले. तेवढं मान्य करते.

पण मपलं तोंड काय गप बसतंय. रडत रडतच मी विहीणबाईकडं वळले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "विहीणबाई, ही टाळू आत्ताच नीट बघून घ्या. भरलेली देते. उद्या तुमचा पोरगा दुकान मोडून उसाला गेला, तरी हिच्या डोक्यावर मोळी चढता कामा नये. चढली तर ही कडू तुमच्या दारात येऊन बसंल."

अक्का खुर्चीतून अर्धी उठली. सोयरीक मोडती का काय, असं तिच्या तोंडावर. मुलाकडच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. विहीणबाई तर आल्यापासून एकाच जागी बसलेल्या. एक हात पदराला, दुसरा मांडीवर. त्या उठल्या, उखळाला वळसा घालून पुढं आल्या आन् मपल्यासमोर उभ्या राहिल्या.

"मला कशाला सांगता, बाई," त्या म्हणल्या, आन् डोक्यावरचा हात खाली घेतला. पदर आपोआपच घसरला.

मी बघितलं. मग तेलाची वाटी त्यांच्यापुढं केली आन् म्हणलं, "या, दोघी मिळून भरू."